जुन्या नाशकातली ऑफिस बिल्डिंग भाड्याच्या छोट्या घरांसाठी कशी बदलायची

मेन रोड, एम.जी. रोड, रविवार कारंजा, शालिमार, अशोक स्तंभ या भागात कधी मान वर करून चाललात तर लक्षात येईल, खाली दुकानं गच्च भरलेली आणि वरचे मजले बंद. एकेकाळी तिथे वकील, सीए, विमा एजंट, ट्रान्सपोर्टवाले, पतसंस्था असायच्या, पार्किंग नाही लिफ्ट नाही म्हणून हळूहळू सगळे कॉलेज रोड, गोविंदनगर, मुंबई नाक्याकडे सरकले. आणि त्याच दुकानांच्या काउंटरवर दिवसभर उभी राहणारी, हॉस्पिटलात नाइट करणारी, क्लासेसमध्ये शिकवणारी माणसं मात्र राहायला शहराच्या पार टोकाला, कारण जवळ परवडेल असं घर मिळत नाही. आमच्या कुटुंबाची अशीच एक इमारत होती, दगडी जोतं, सागवानी तुळया, मागच्या बाजूला नंतर केलेलं आरसीसी, वरचे दोन्ही मजले ऑफिसं. तिथे आता भाड्याची छोटी घरं आहेत. हे काम होण्यासारखं आहे, पण क्रम चुकला तर पैसा आणि वेळ दोन्ही जातात, म्हणून क्रमाने लिहितेय.

हे सगळं नाशिक महापालिका हद्दीतल्या, स्वतःच्या किंवा कुटुंबाच्या मालकीच्या, दोन-चार मजली जुन्या इमारतीबद्दल आहे. पाडून नवीन बांधायचं असेल तर तो रस्ता वेगळा. माझं मत विचाराल तर गावठाणातल्या अरुंद गल्लीत, छोट्या प्लॉटवर इमारत चांगली असेल तर पाडू नका. नवीन बांधताना सामासिक अंतर (इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा), रस्तारुंदी, पार्किंग यात जागा जाते आणि नवीन बांधकामाच्या खर्चात गरीब माणसाला परवडेल असं भाडं बसतच नाही.

१) आधी भाडं ठरवा, नकाशा नंतर

बहुतेक जण आर्किटेक्टकडे जाऊन सुरुवात करतात, सुंदर ड्रॉइंग येतं, मग खर्च कळतो आणि मग त्या खर्चाला पुरेल एवढं भाडं लावलं जातं, म्हणजे परवडणारी घरं हा विषय तिथेच संपला. उलट्या बाजूने या.

प्रधानमंत्री आवास योजनेत आर्थिक दुर्बल गटाची मर्यादा वर्षाला ३ लाख उत्पन्न धरतात, म्हणजे महिन्याला २५ हजार. घरावर उत्पन्नाच्या ३० टक्क्यांपेक्षा जास्त जाऊ नये असा एक साधा ठोकताळा आहे, म्हणजे साडेसात हजार, आणि त्यात लाइटबिल, पाणी हेही आलं. तर भाडं धरा ६ हजार.

आता समजा १० घरं निघतात. महिन्याला ६० हजार, वर्षाला ७ लाख २० हजार. एक महिना घरं रिकामी राहणार हे धरून ६० हजार काढा. घरपट्टी, जिन्यातला लाइट, पंप, किरकोळ दुरुस्ती याला १ लाख १० हजार बाजूला ठेवा. हातात राहिले साडेपाच लाख, महिन्याला साधारण ४५ हजार ८००. ९ टक्के व्याजाने १५ वर्षांच्या कर्जाला लाखामागे १,०१४ रुपयांच्या आसपास हप्ता बसतो, म्हणजे तुमची इमारत ४५ लाखांचं कर्ज फेडू शकते. तीनशे चौरस फुटांची १० घरं म्हणजे ३ हजार चौरस फूट, तर चौरस फुटाला दीड हजार ही तुमची हद्द. तुमचे आकडे वेगळे असतील, पण हा हिशोब एका कागदावर लिहा आणि आर्किटेक्टला पहिल्याच भेटीत तोच कागद द्या. पुढे टाइल्सपासून दरवाजांपर्यंत प्रत्येक निर्णय त्या एका आकड्यावर येऊन थांबतो.

कर्जाबद्दल एक, नेहमीचं होम लोन या कामात सरळ बसत नाही, बँका बहुतेक मालमत्ता तारण कर्जाकडे वळवतात, त्याचा दर जास्त असतो. वरच्या हिशोबात तुमच्या बँकेने लेखी दिलेलाच दर घाला.

२) मालकीचे कागद

इमारत जेवढी जुनी तेवढे वारस जास्त. नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, ताजं काढा आणि त्यावर कोणाकोणाची नावं आहेत ते वाचा. आजोबांचं नाव तसंच असेल तर आधी वारस नोंद. ज्यांना हिस्सा नको त्यांच्याकडून हक्कसोडपत्र, आणि ते रजिस्टर केलेलंच हवं, स्टॅम्पपेपरवर घरात बसून केलेल्या सह्या कामाला येत नाहीत. सत्ताप्रकाराचा रकाना, म्हणजे जमीन कुठल्या हक्काने धरलीय, तो पण बघा, तिथे शासनाचा पट्टा वगैरे दिसलं तर सरकारी परवानगीचा वेगळा विषय सुरू होतो, तो आधी वकिलाला दाखवा.

वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे मिळकतीच्या जुन्या व्यवहारांची तपासणी, घ्या, आणि पेपरात जाहीर नोटीस देऊन टाका. कुणी पुण्या-मुंबईतला चुलत भाऊ हरकत घेणार असेल तर ती आत्ता येऊ दे, काम अर्ध्यात असताना नको.

दुसरा अडकवणारा कागद म्हणजे इमारत अधिकृत असल्याचा पुरावा. नाशिक महापालिका झाली १९८२ मध्ये, त्याआधीची सगळी बांधकामं नगरपालिकेच्या काळातली, त्यामुळे मंजूर नकाशा घरात सापडेलच असं नाही. जुना असेसमेंट (घरपट्टी आकारणीचा) उतारा, जुन्या घरपट्टीच्या पावत्या, जुना भाडेकरार, लाइट कनेक्शनचा पहिला कागद, जे जे तारीख दाखवतं ते जमा करा. महापालिकेत जुन्या नकाशाची प्रत माहिती अधिकारात मागता येते, मिळकत क्रमांक आणि जुना घर नंबर दोन्ही लिहा, नुसत्या पत्त्यावर कोणालाच काही सापडत नाही.

३) आत बसलेले भाडेकरू

वरचे मजले बंद दिसले म्हणजे रिकामे असं नाही. कुलूप लावून महिन्याला जुनं नाममात्र भाडं मनीऑर्डरने पाठवणारे भाडेकरू खूप आहेत, पागडीवाले आहेत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ त्यांना संरक्षण देतो. पण एक गोष्ट ऑफिसच्या इमारतीत फार उपयोगाची आहे आणि कितीतरी मालकांना माहीत नसते, बँका, सरकारी उपक्रम आणि ज्यांचं भरणा झालेलं भांडवल १ कोटी किंवा त्याहून जास्त आहे अशा कंपन्या यांना या कायद्याचं संरक्षण नाही. म्हणजे वर एखाद्या मोठ्या कंपनीचं जुनं ऑफिस पडून असेल तर त्याची गोष्ट आणि छोट्या वकिलाच्या ऑफिसची गोष्ट वेगळी.

छोट्या भाडेकरूंशी बोला, समोर बसून. खालच्या दुकानदाराला हलवायची गरजच नसते, उलट तो राहिला तर त्याचं भाडं वरच्या घरांना आधार देतं. वरच्यांना पैसे द्यायचे तर चेकने द्या, आणि ताबा सोडल्याचा करार रजिस्टर करा.

इथला सर्वांत वाईट सापळा सांगते. "इमारत धोकादायक दाखवून टाका, नोटीस निघाली की भाडेकरू आपोआप जातील," असा सल्ला देणारे भेटतात. स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीत, सी-१ वर्गात इमारत गेली म्हणजे रिकामी करून पाडणे, मग तुम्ही ती वाचवणार कशी? शिवाय भाडेकरूंचा हक्क पाडल्यावर संपत नाही. आणि माणसांना खोटं सांगून घराबाहेर काढून तिथे परवडणारी घरं करायची, हे मनालाही पटत नाही.

४) पूररेषा, रस्तारुंदी, हेरिटेज

या तीन गोष्टी एकाच वेळी, नगररचना विभागातून तपासा. झोन दाखला (जागेला कुठला वापर मंजूर आहे ते सांगणारा) आणि भाग नकाशा (विकास आराखड्यातला तुमच्या जागेचा भाग) काढा.

पूररेषा नाशकात सगळ्यात महत्त्वाची. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा. सराफ बाजार, भांडी बाजार, दहीपूल, कापड पेठ इथल्या लोकांना हे नकाशात बघायची गरज नाही, गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी आलं यावरून दुकानातला माल वर न्यायचा की नाही ते ठरतं. २००८, २०१६, २०१९ चे पूर आठवत असतील. तुमची जागा निळ्या रेषेच्या आत असेल तर बांधकामावर कडक बंधनं आहेत, दोन रेषांच्या मध्ये असेल तर लाल रेषेच्या पातळीपेक्षा वर राहून परवानगीचा विचार होतो. नियम काही असो, पुराच्या पट्ट्यात तळमजल्यावर घर करू नका. दुकान, टू-व्हीलर, सायकली ठेवा. मीटरचा बोर्ड आणि पंपाचा स्टार्टर पुराच्या जुन्या खुणेच्या वर घ्या, शेजारच्या जुन्या दुकानदाराला विचारा, तो भिंतीवर हात ठेवून दाखवेल इथपर्यंत आलं होतं म्हणून.

रस्तारुंदीची रेषा इमारतीच्या पुढच्या भागातून जात असेल तर पुढच्या खोल्यांवर जास्त खर्च करू नका.

हेरिटेजचं म्हणाल तर यादीत नाव आहे का ते बघा. श्रेणी १ असेल तर बाहेरून आतून हात लावायला जवळपास मनाई, श्रेणी २ मध्ये आतले बदल आणि नवीन वापर बऱ्यापैकी चालतात पण बाहेरून काही करायचं तर छाननी होते, श्रेणी ३ मध्ये त्याहून सैल. सरकारवाडा, सुंदरनारायण मंदिर अशी राज्य संरक्षित स्मारकं जवळ असतील तर पुरातत्त्व खात्याकडे विचारणा करून लेखी उत्तर घ्या. यादीत नसलेली इमारत म्हणजे ऐतिहासिक नाही असं मात्र समजू नका, कोरीव ब्रॅकेट, लोखंडी कठडे, दगडी कमान जे आहे ते ठेवा, ते ठेवायला खर्च कमीच येतो.

५) स्ट्रक्चरल ऑडिट, इथे घाई नको

३० वर्षांपेक्षा जुन्या इमारतीला महापालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ खाली स्ट्रक्चरल स्टॅबिलिटी सर्टिफिकेट लागतंच. पण फक्त सर्टिफिकेट हवं म्हणून ऑडिट करू नका, तुम्हाला उत्तर हवंय की ही इमारत दहा संसार पेलेल का.

आरसीसी भागाला रिबाउंड हॅमर, अल्ट्रासॉनिक, कोअर अशा काँक्रीट तपासायच्या टेस्ट असतात. पण दगड-विटा-चुन्याच्या भिंतीला आणि सागवानाला हॅमर मारून काही कळत नाही. जुन्या कामाची सवय असलेलाच इंजिनिअर शोधा आणि तो काय बघतो ते स्वतः उभं राहून बघा. तुळईचा मधला भाग कायम चांगला दिसतो, रंग दिलेला, ठणठणीत. खरा प्रश्न असतो तिचं टोक जिथे भिंतीत शिरतं तिथे. तिथलं प्लास्टर हातभर फोडायला लावा. आमच्या इंजिनिअरने स्क्रूड्रायव्हर घेऊन प्रत्येक टोकाला टोचून पाहिलं, चांगल्या सागात तो शिरत नाही, दोन टोकांना मात्र मुठीपर्यंत गेला, आतून नुसता भुसा, कारण वरच्या पन्हाळीचं पाणी वर्षानुवर्षं त्याच कोपऱ्यात झिरपत होतं. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नव्हतं. पूर्ण तुळई बदलायची गरज पडत नाही, टोक कापून लोखंडी चॅनेल जोडतात, पण कुठली टोकं ते आधी कळायला पाहिजे.

वजनाचा हिशोब समजून घ्या, ही चांगली बातमी आहे. घरासाठी चौरस मीटरला २०० किलो वजन धरतात, ऑफिसला २५० ते ४००, आणि फायलींच्या रेकॉर्ड रूमला त्याहून जास्त. म्हणजे माणसं राहायला आली तर इमारतीवरचा भार वापरापुरता कमीच होतो. वाढतो तो भिंतींनी, संडास-बाथरूमनी आणि टाकीने:

चार इंची विटेची दहा फूट उंच भिंत प्लास्टरसकट दर मीटर लांबीला सात-साडेसातशे किलो भरते. त्याऐवजी एएसी ब्लॉक (हलके, सच्छिद्र काँक्रीटचे) वापरा, वजन निम्म्याहून कमी, किंवा सिमेंट बोर्डाचं पार्टिशन.

बाथरूमसाठी फूटभर खोलगट करून त्यात विटांचा चुरा भरायची पद्धत आहे, ती चौरस मीटरला पाचशे किलोच्या वर जाते. जुन्या मजल्यावर हे करूच नका. पाइप खालच्या मजल्याच्या छताखालून घ्या आणि खाली झाका.

कडीपाटावर, म्हणजे लाकडी कड्या-फळ्यांच्या मजल्यावर, मातीचा भराव असेल तर तो काढा, सहा इंच माती म्हणजे चौरस मीटरला अडीचशे किलोच्या आसपास, ती गेली की इमारत मोकळी होते. फक्त सगळीकडून सारखी, थोडी थोडी काढा आणि काढलेली माती लगेच खाली उतरवा. खोलीच्या मधोमध ढीग करून ठेवला की त्याच तुळईवर सगळा भार येतो, मजले असेच बसतात.

छताला गर्डर आणि विटांच्या कमानी असतील तर गर्डरची खालची पट्टी किती गंजली ते खरवडून मोजायला सांगा.

ऑडिटमध्ये इमारत सी-२ए आली तर रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-२बी म्हणजे रिकामी न करता, सी-३ म्हणजे किरकोळ. आपल्या कामाला सी-२ए सुद्धा चालते, कारण वरचे मजले तसेही रिकामे आहेत, पण मग खालच्या दुकानदाराचं काय हे इंजिनिअरकडून लेखी घ्या.

६) मजल्याची घरं कशी विभागायची

राष्ट्रीय बांधकाम संहितेप्रमाणे दोन खोल्यांच्या घरात एक खोली किमान साडेनऊ चौरस मीटर, दुसरी साडेसात, किचन पाच, एकत्र संडास-बाथरूम २.८. बेरीज २४.८, म्हणजे भिंती सोडून साधारण २६७ चौरस फूट. यापेक्षा लहान करायच्या मोहात पडू नका. "अजून चार खोल्या निघतील" म्हणणारा कोणीतरी भेटतोच, पण तिथे संसार होत नाही, खाटा टाकलेली कॉट-बेसिस जागा होते.

जुन्या ऑफिसची अडचण म्हणजे आतली लांबी. पुढे पंधरा फूट आणि आत पन्नास फूट, खिडक्या फक्त पुढे आणि मागे. उजेड खिडकीच्या वरच्या कडेच्या उंचीच्या साधारण दुप्पट-अडीचपट आत पोचतो. जुन्या खिडक्या उंच असतात, वर झडपा असतात, नऊ फुटांवर कड असेल तर अठरा-वीस फूट आतपर्यंत दिवसा दिवा लागत नाही. ऑफिसवाल्यांनी एसीसाठी फॉल्स सीलिंग करून त्या झडपा बुजवलेल्या असतात, पहिलं काम ते सीलिंग काढायचं. मग पुढे एक घर, मागे एक घर, आणि मधल्या अंधाऱ्या पट्ट्यात जिना, डक्ट (पाइपांची उभी पोकळी), संडास-बाथरूम. राहायच्या खोलीला खिडकी पाहिजेच, हवामानाप्रमाणे खोलीच्या क्षेत्रफळाच्या दहाव्या ते सहाव्या हिश्श्याएवढी उघडणारी जागा.

आणि चौक, म्हणजे इमारतीच्या मधलं उघडं अंगण, शोधा! कितीतरी इमारतींना मूळचा चौक असतो, नंतर कोणीतरी त्यावर फायबरचे पत्रे टाकून खाली गोडाऊन केलेलं असतं. तो पत्रा काढला की आतल्या चार-पाच घरांना उजेड आणि हवा मिळते. गोडाऊनचं भाडं जातं म्हणून जीव खालीवर होतो पण चौकाशिवाय आतली घरं चालणार नाहीत.

संडास-बाथरूम सगळ्या मजल्यांवर एकाखाली एक. जुन्या इमारतीला वजनापेक्षा पाणी मारतं, जेवढ्या कमी ठिकाणी ओल तेवढं आयुष्य जास्त. लाकडी मजल्यावर ओला भाग नको, तो मागच्या आरसीसीत किंवा भिंतीलगत नव्या लोखंडी फ्रेमवर घ्या.

७) परवानगी

वापरात बदल म्हणजे सुद्धा एमआरटीपी (प्रादेशिक व नगररचना) कायदा १९६६ प्रमाणे "विकास", त्यामुळे आतल्या आत बदलतोय तर परवानगी कशाला, असं समजू नका. अर्ज आर्किटेक्टमार्फत ऑनलाइन जातो, नियम २०२० च्या यूडीसीपीआरचे, म्हणजे राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीचे, त्यात दाट वस्तीसाठी वेगळ्या तरतुदी आहेत. लागणारे कागद:

ताजी मिळकत पत्रिका आणि मोजणी नकाशा, क-प्रत
खरेदीखत किंवा वारस नोंद, हक्कसोडपत्रं
सर्व मालकांची संमती किंवा रजिस्टर्ड मुखत्यारपत्र
झोन दाखला, भाग नकाशा
इमारत अधिकृत असल्याचा पुरावा
घरपट्टी, पाणीपट्टी बाकी नसल्याचा दाखला
स्ट्रक्चरल इंजिनिअरचा रिपोर्ट आणि दुरुस्तीचं डिझाइन
आत्ता आहे तसा मोजून काढलेला नकाशा आणि प्रस्तावित नकाशा
चारही बाजूंचे फोटो

आहे तसा नकाशा टेप लावून खरा मोजा. जुन्या भिंती तिरक्या असतात, काटकोन धरून काढलेला नकाशा साइट व्हिजिटला जुळत नाही आणि फाइल परत येते. साठ दिवसांत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं मानायची तरतूद कायद्यात आहे पण तिच्या भरवशावर काम सुरू करू नका, नकाशा नियमात बसत नसेल तर तिचा काही उपयोग नाही. बांधकाम परवानगी एक वर्षाची असते, संपायच्या आधी मुदतवाढ घ्या. कामगार कल्याणाचा १ टक्का उपकर बजेटमध्ये धरा.

रेराबद्दल, म्हणजे विक्रीच्या गृहप्रकल्पांची नोंदणी करायला लावणाऱ्या कायद्याबद्दल, बरेच जण विचारतात. तुम्ही घरं विकत नाही, भाड्याने देताय, त्यामुळे तो विषय येत नाही. विकायची ठरवलीत तर ५०० चौरस मीटरपर्यंतचा प्लॉट किंवा ८ पर्यंत घरं असतील तर नोंदणी लागत नाही.

८) प्रत्यक्ष काम

सुरू करायच्या आधी दोन्ही बाजूच्या शेजाऱ्यांना बोलावून सामाईक भिंतींचे, त्यांच्या घरातल्या आधीच्या भेगांचे तारखेसकट फोटो काढा आणि दोघांच्या सह्या घ्या. नंतर प्रत्येक भेग तुमच्या नावावर लागते.

क्रम असा: आधी गच्ची आणि पन्हाळी, मग तुळया-खांब, मग वाळवीचं औषध, मग प्लंबिंग-वायरिंग, मग भिंती, शेवटी फरशी. ठेकेदाराला फरशीची घाई असते कारण फरशी दिसली की बिल निघतं, ऐकू नका.

दगड-चुन्याच्या भिंतीला आतून बाहेरून सिमेंटचं प्लास्टर करू नका. भिंत जमिनीतून ओल ओढते आणि चुन्यातून ती बाहेर पडते, सिमेंटने ती आत कोंडते आणि दोन पावसाळ्यांत पोपडे धरतात. चुन्याचं काम करणारे कारागीर कमी झालेत पण आहेत, वाड्यांची आणि मंदिरांची दुरुस्ती चालू असेल तिथे जाऊन विचारा.

गल्लीत ट्रक येत नाही, माल छोट्या टेम्पोने, बाजार उघडायच्या आत. हा खर्च ठेकेदाराच्या रेटमध्ये आहे का हे कोटेशनमध्येच लिहून घ्या. जुने सागवानी दरवाजे, खिडक्या, कडीकोयंडे मोजून यादी करा आणि कुलपात ठेवा, "जुनं लाकूड आम्ही नेतो, मलबा फुकट उचलतो" ही ऑफर कधीच फुकट नसते.

९) आग

लाकडी जिना, एकच वाट, गल्लीत बंब शिरत नाही आणि खाली कापडाचं किंवा प्लॅस्टिकचं दुकान. याचा विचार परवानगीपुरता करू नका. शिंगाडा तलावाच्या अग्निशमन मुख्यालयात नकाशा घेऊन आधीच भेटा आणि काय काय लागेल ते विचारा. आमचं मत, लाकडी जिना शोभेला ठेवा पण मागे दुसरा लोखंडी किंवा आरसीसी जिना द्याच. दुकान आणि वरचं घर यांच्यामधल्या छताला आग अडवणारा बोर्ड लावा. महाराष्ट्र अग्निप्रतिबंधक कायदा २००६ ज्या इमारतींना लागू होतो तिथे लायसन्स्ड एजन्सीकडून दर जानेवारी आणि जुलैत फॉर्म बी, म्हणजे आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला, द्यावा लागतो. गॅस सिलिंडर जिन्याखाली ठेवू देऊ नका, एकही.

१०) पाणी आणि वीज

माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात. दहा घरं, घरटी चार माणसं, ५,४०० लिटर. दोन दिवसांचा साठा वर ठेवायचा म्हटलं तर ११ टन वजन जुन्या गच्चीवर! खाली संप (जमिनीतली टाकी) करा, वर पाच हजारांच्या आत ठेवा आणि तेही एका मोठ्या टाकीत नाही, भिंतींच्या बरोबर वर दोन-तीन छोट्या टाक्यांत. भुयारी गटारीला जोडणारा जुना चेंबर एका मजल्याला एक संडास या हिशोबाचा असतो, तो खोदून नवीन करा, हे काम शेवटी आठवलं तर नवी फरशी फोडावी लागते.

वीज व्यावसायिकमधून घरगुती करून घ्या आणि प्रत्येक घराला महावितरणचा स्वतंत्र मीटर. एकच मीटर ठेवून सबमीटर लावले तर सगळ्यांचे युनिट एकत्र होऊन वरच्या स्लॅबमध्ये जातात आणि दोन दिवे, एक पंखा वापरणाऱ्यालाही महाग दराने बिल येतं. ६ हजार भाडं ठरवून लाइटबिल दीड हजाराच्या वर गेलं तर पहिल्या पायरीचा हिशोबच बिघडला. वायरिंग पूर्ण नवीन, जुन्यातली एकही वायर ठेवू नका.

११) भाड्याने देताना

आधी भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायला महापालिकेची मंजुरी), मग घरपट्टीचा वापर बदल, मग माणसं. लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि रजिस्टर्ड पाहिजे, भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे ही जबाबदारी मालकाची आहे. ऑनलाइन होतो, एकूण भाड्याच्या पाव टक्का स्टॅम्प ड्युटी आणि शहरात १ हजार नोंदणी फी. पोलिसांना भाडेकरूची माहितीही द्या.

डिपॉझिट एक-दोन महिन्यांचंच घ्या. पगारावर जगणाऱ्याला महिन्याचं भाडं जमतं, पन्नास हजार एकदम जमत नाहीत, आणि तिथेच परवडणारं घर हातातून जातं. सिंहस्थ जवळ आलाय, "लॉज करा, रोजाने द्या" असं सांगणारे येतील. लॉजचा वापर वेगळा, परवानग्या वेगळ्या, आणि पर्वणीसाठी घर खाली करायला लावलेला माणूस परत येत नाही.

करारासोबत मराठीत एक पानी सूचना द्या: वॉशिंग मशीन कुठे ठेवायचं, भिंतीला ड्रिल करायचं तर कुणाला विचारायचं, चौकात काही ठेवायचं नाही. आणि दरवर्षी मे महिन्यात, पाऊस लागायच्या आत, गच्चीची फट, पन्हाळी, मागचा चेंबर आणि तुळयांची भिंतीतली टोकं बघून घ्या. त्यासाठी दोन-तीन ठिकाणी प्लास्टर न करता छोटी झाकणं ठेवा, उघडून स्क्रूड्रायव्हर लावता येईल अशी. पहिल्या पायरीत बाजूला ठेवलेल्या १ लाख १० हजारातले पैसे याच कामासाठी आहेत.